मोटेतून आलेले सोनमासे

जन्मभर काय केलंत, असं कोणी विचारलं की मी सांगतो, मासे पिकायची वाट पाहिली. समोरचा माणूस माझ्या तोंडाकडे पाहत राहतो. पाहू दे. आंबा पिकतो तसाच सोनमासाही पिकतो. जन्मतः तो सोन्याचा नसतो, आणि हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझाही विश्वास बसला नव्हता. या अंकाचे संपादक धंद्याविषयी लिहा म्हणाले, तर मी म्हटलं, अहो, मासे पाळून विकणं हा काय लिहायचा धंदा आहे? ते म्हणाले, म्हणूनच लिहा. तेव्हा बसलो. माझं अक्षर म्हणजे कोंबड्यांनी उकरलेला वाफा. छापखान्यातल्या जुळारी मंडळींनी रागावू नये.

आधी मासा पिकतो कसा ते सांगतो. मादी पाणवेलीवर अंडी चिकटवते, खसखशीएवढी. त्यातून निघालेलं पिल्लू म्हणजे दोन डोळे आणि मधे एक रेघ; आरपार दिसतं. मग ते मळकट होतं. हिरवट म्हणा, तपकिरी म्हणा, आपल्या नाल्यातल्या कुठल्याही मासोळीसारखं. असं ते कित्येक महिने राहतं. मग एक दिवस वाटतं, हे तर आणखीच काळं पडून राहिलं, आणि नवा माणूस घाबरतो. घाबरू नये, काळं पडणं ही चांगली खूण आहे. त्यानंतर पोटाखालून पिवळा रंग चढायला लागतो. कुशीवरून तो पाठीकडे जातो, आणि काळा रंग मागे हटत हटत पंखांच्या कडांना नि शेपटीच्या टोकाला जाऊन बसतो. शेवटी तिथूनही जातो. काही मासे एका पावसाळ्यात पालटतात, काहींना दोन लागतात, आणि एखादा जन्मात पालटत नाही. कोणता कधी, ते ब्रह्मदेवाला विचारा, मला विचारू नका.

पालटायच्या आधी ओळखायचं असेल तर वरून पाहून उपयोग नाही. वरून सगळे मासे सारखेच. काचेच्या बरणीत घ्यायचा, उजेडाकडे धरायचा आणि बाजूनं पाहायचा. पाठीवरचा पंख लांब, पार शेपटीजवळ गेलेला हवा, आणि तोंडाला मिशा नकोत. बस, एवढंच. पण हे गिऱ्हाइकाला पटवता पटवता माझे केस पांढरे झाले.

जऊळक्याच्या स्टेशनमास्तरांनी एकदा माझ्याकडून चांगले केशरी मासे नेले. पुढे निरोप आला, ताबडतोब या. गेलो तर मास्तर टोपी काढून, डोकं पुसत उभे. "काय हो, रंग लावून मासे विकता? धुऊन निघाला!" पाहिलं तर मासे खरंच पांढरेफटक. म्हटलं, बरणी ठेवता कुठं? तर तिकीटघराच्या आतल्या अंधाऱ्या कोनाड्यात, लोकांची नजर लागू नये म्हणून वर फडकं! अहो, सोनमाशाला ऊन लागतं. अंधारात त्याचा रंग उतरतो. मी बरणी उचलून बाहेर खिडकीत ठेवली आणि आलो. पहिल्यासारखा केशरी रंग आला नाही, पण पिवळेपणा चढला, आणि तो पाहता पाहता दोन बायांची गाडी चुकली. त्यांनी शिव्या मास्तरांना दिल्या, मला नाही.

दुसरा आमच्या कारंज्याचाच एक सोनार. त्याच्या बरणीतला मासा मेला, तर पठ्ठ्यानं त्याचा खवला काढून कसोटीच्या दगडावर घासला. वर मला येऊन सांगतो, "गणपतभौ, काहीच नाही उतरलं." मी त्याला काय म्हणालो ते या अंकात छापता येणार नाही.

पण हे सगळं नंतरचं. हा धंदा माझ्या हाती लागला तो एका मोठ्या गोंधळातून, आणि खरं सांगायचं तर तोच सांगायला मी बसलोय.

तेव्हा इंग्रजांचं राज्य होतं आणि मी तरणाबांड होतो. कारंजा लाडला हिराशेठ म्हणून कापसाचे मोठे व्यापारी होते. गावाबाहेर त्यांची बाग होती, संत्र्यांची, मधे भाजीपाला. मी तिथला माळी. बागेतच माझं कुडाचं खोपट, आणि नुकतंच लग्न झालेलं. फाटकाजवळ दगडी हौद होता. शेठ एकदा व्यापाराच्या कामानं कलकत्त्याला गेले नि तिथं कोणाच्या तरी बंगल्यात त्यांनी सोनमासे पाहिले. झालं! शेठचा स्वभाव असा, की मनात आलं ते दारात आलंच पाहिजे. मूर्तिजापूरहून येणाऱ्या छोट्या गाडीतून पाण्याचा डबा उतरला, आणि त्याच्याबरोबर पाणी बदलायला एक कलकत्त्याचा माणूस. मासे हौदात सोडून तो मला म्हणाला, "बच्चे काले होंगे. घबराना मत. बाद में सोना." पान खाल्लं आणि निघून गेला. माझं माशांचं सगळं शिक्षण ते एवढंच.

फाल्गुनात हौदात पिल्लं दिसली. वैशाखात असं ऊन पडलं, की एका दुपारी हौदाचं पाणी हात घालवेना इतकं तापलं, आणि मोठे मासे सगळे उलटे झाले. मी रडलोच. कोपऱ्यात पाणवेलीच्या सावलीत पिल्लं तेवढी वाचली, मळकट, बोटाच्या पेराएवढी. संध्याकाळी शेठ आले.

"अबे गणपत, हे नाल्यातलं काय भरून ठेवलं हौदात?"

"शेठजी, हे त्याईचेच पोट्टे हायेत. पुढं सोन्याचे होतात."

"मायबाप सोन्याचे अन् पोट्टे कोळशाचे? मले येडा समजून राह्यला का बे?"

मग त्यांनी खरी गोष्ट सांगितली. त्यांनी मोटार मागवली होती. दसऱ्याला यायची होती. तिला उभी करायला फाटकाजवळ खोली बांधायची, म्हणजे हौद बुजवायचा. आणि बाग बटईनं, म्हणजे अर्ध्या वाट्यानं, दुसऱ्याला देऊन टाकायची. शेठचा जीव आता मोटारीत गुंतला होता. बाग बटईला गेली म्हणजे माझी नोकरी गेली, खोपट गेलं, आणि नव्या नवरीला घेऊन मी कुठं जाणार होतो, देव जाणे. माझं डोकं फिरलं. म्हणालो, "दसऱ्यालोक थांबा, शेठजी. मासे पालटले तर हौद बी राहीन अन् मी बी राहीन. नाही पालटले तर माह्या हातानं हौद बुजवतो अन् बायकोले घेऊन चालला जातो."

"कबूल," शेठ हसले. "पाहू तुहं सोनं."

बोललो खरं. पालटताना मासा मी तरी कुठं पाहिला होता? एका पान खाणाऱ्या माणसाच्या शब्दावर मी घरदार लावलं होतं.

आता शेठच्या बायकोची ओळख करून देतो, गुणाबाईंची. गोष्ट खरी त्यांच्यामुळं घडली. जैनांच्या घरी पाणी गाळल्याशिवाय वापरत नाहीत, हे आपल्याला माहीत असतं. पण गाळल्यावर गाळणीच्या कापडावर जे बारीक जीव राहतात त्यांचं काय करतात, हे फार जणांना माहीत नसतं. त्याला जिवाणी म्हणतात. ती फेकत नाहीत. ज्या विहिरीचं पाणी, त्याच विहिरीत परत नेऊन सोडतात, तीही वरून ओतत नाहीत, कारण जिवांना मार लागेल. त्यासाठी बुडाला कडी असलेली बादली असते. दोर त्या कडीला बांधून वरच्या कानाला नुसता अडकवलेला असतो; बादली पाण्याला टेकली की तो तिथून सुटतो, बादली हळूच उलटी होते आणि जीव अलगद पाण्यात जातात. गुणाबाई हे रोज स्वतः करत. कामवाल्या बाईवर त्यांचा भरवसा नव्हता.

जेठात मी शिरपूरला सासुरवाडीला गेलो, माहेरी गेलेल्या बायकोला, सरूला, आणायला. सासऱ्यांनी आग्रह केला म्हणून राहिलो. परत आलो तर हौद कोरडा ठणठणीत! गवंडी खोलीचं माप घ्यायला आला होता आणि त्यानं पाणी काढायला लावलं होतं. माझ्या हातातलं गाठोडं पडलं.

"बाई, माहे मासे?" मी ओरडलोच.

गुणाबाई विहिरीजवळच्या ओट्यावर बसल्या होत्या. "काहून बोंबलून राह्यला? एक बी जीव मरू देल्ला नाही म्या. बादली बादली पाणी गाळलं. दुपारलोक उन्हात उभी होती."

"गाळलं, मंग ठेवले कोठी?"

"इहिरीत. पाणी इहिरीचं, जीव इहिरीचे."

त्या बाईवर रागवावं तरी कसं? दुपारपर्यंत उन्हात उभं राहून तिनं माझी एकूणएक पिल्लं वाचवली होती, आणि अशा जागी नेऊन सोडली होती, जिथून ती मला आयुष्यात दिसणार नव्हती. डोळ्यांत पाणी आलं आणि हसूही आलं. सरूला काही माहीत नव्हतं. सगळं ऐकून ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "माय वो! म्हंजे माह्या नवऱ्यानं मासोळ्याईच्या रंगावर संसार मांडला, अन् मासोळ्या बी गेल्या?"

पुढचे दोन-तीन महिने तिनं हे वाक्य जेवणाबरोबर रोज वाढलं.

बागेतली विहीर मोठी होती, दगडानं बांधलेली, वरती मोट. हल्लीच्या मुलांनी मोट पाहिलेली नसते म्हणून सांगतो. मोट म्हणजे चामड्याची मोठी पिशवी. बैल उतारावरून खाली गेले की ती पाण्यानं भरून वर येते, आणि वरच्या दगडी थारोळ्यात रिकामी होते. तिथून पाणी पाटानं बागेत. आमची मोट चांदभाई हाकायचे. पावसाळ्यात बागेला पाणी लागत नाही, तेव्हा मोट बंद असते. चांदभाई बैलांना गवत घालत आणि मला चिडवत. "गणपतभौ, इहिरीत उतर अन् आवाज दे. म्हन, सोन्या, वर ये!"

दुपारी ऊन विहिरीत उतरायचं तेव्हा मी काठावर पालथा पडून पाहत असे. पाणी पावसानं वर आलेलं. उन्हाच्या तुकड्यात सावल्या फिरताना दिसत, म्हणजे मासे जिवंत होते. पण वरून काय कळणार? वरून सगळेच काळे. मनात दोन विचार भांडत. इतकं खोल, इतकी सावली. इथं कसला रंग चढतोय? आणि लगेच दुसरा, ऊन आहे ना दुपारचं, चढेल. सरू येऊन माझ्या शेजारी पालथी पडे आणि म्हणे, "मले त समदे बेंडकंच दिसतात." मग आम्ही दोघंही हसत असू. घर जायची वेळ आलेली आणि आम्ही हसत होतो. तरुणपण म्हणतात ते हेच असावं.

घटस्थापनेला मोट सुरू झाली. मी प्रत्येक मोटेला थारोळ्याशी उभा. पहिल्या मोटेत बेडूक आले. दुसरीतही. मग पालापाचोळा, एक फुटकं मडकं, पुन्हा बेडूक. चांदभाई प्रत्येक मोटेला उताराच्या तळातून विचारत, "निंघालं का सोनं?" आणि मी मान हलवत असे. नवरात्र संपत आलं. सरूनं चिडवणं बंद केलं, तेव्हा मला खरी भीती वाटली.

दसऱ्याच्या सकाळी मोटार आली. काळी, चकचकीत, झेंडूच्या माळा घातलेली. कडुनिंबाखाली उभी केली. अर्धं गाव जमलं. विटांचा ढीग येऊन पडलेला, गवंडीही नवं धोतर नेसून आलेला. पूजा झाली, शेठनी सगळ्यांना पेढे वाटले आणि मला हाक मारली. आवाजात राग नव्हता. तेच जास्त लागलं.

"गणपत, बोल्लो होतो ना आपण?"

"हो, शेठजी."

"मंग घे फावडं."

घेतलं. काय करणार? स्वतःचाच शब्द होता. हौदात माती ओढायला पहिलं फावडं मारलं, आणि थारोळ्याकडून सरूची किंकाळी आली. ती भांडी घासत बसली होती. सणासुदीलाही वांग्यांना पाणी लागतंच, म्हणून चांदभाईंची मोट चालू होती.

"अवो! अवो, धावा ना! पिवळा हाय! पोटाखाली पिवळा!"

मी फावडं टाकलं नि धावलो. माझ्यामागे गवंडी, त्याच्यामागे गाव. थारोळ्यात वीतभर पाण्यात एक मासा फडफडत होता. पाठ काळी, पंखांच्या कडा काळ्या, आणि पोट हळदीसारखं पिवळंधमक. मी तो पाण्यासकट ओंजळीत घेतला, उजेडाकडे धरला, बाजूनं पाहिला. लांब पंख. मिशा नाहीत. कलकत्त्याच्या त्या माणसाला तेव्हा भेटता आलं असतं तर पायावर डोकं ठेवलं असतं.

शेठ वाकून पाहत होते. "हा त अर्धाच झाला बे!"

"शेठजी, अर्धा झाला म्हंजे पुरा होनार. हे चढून राह्यलंय."

"अजून हायेत?"

"लय हायेत. थांबा, मी उतरतो अन् जाळ्यानं समदे—"

"खबरदार!" गुणाबाई. गर्दीतून वाट काढत त्या पुढे आल्या. "इहिरीत जाळं घालाचं नाही. म्या सोडलेले जीव हायेत ते. जिथं हायेत तिथं राहूदे."

शेठ बायकोसमोर कधीच फार बोलत नसत. मी ओंजळ धरून तसाच उभा. मासे सगळे विहिरीत राहिले तर हौदाचं काय, माझं काय? गुणाबाईंनी माझ्याकडे पाहिलं, ओंजळीतल्या माशाकडे पाहिलं. आणि त्या म्हणाल्या, "जो आपल्या पायानं मोटेत बसून वर आला, तो तुहा. बाकीच्याईले हात लावाचा नाही."

माशाला पाय कुठले, असं कोणाच्याही मनात आलं नाही. तो निवाडा झाला. पुढे माझा सगळा धंदा त्या निवाड्यावर उभा राहिला. त्या विहिरीत मी एकदाही जाळं टाकलं नाही.

आणि मग जे झालं ते सांगताना आजही मला हसू आवरत नाही. शेठनी पागोटं सरूच्या हातात दिलं, धोतराचा काचा मारला नि चांदभाईंना म्हणाले, "उतर. आता मी हाकतो." लाखोंचा कापूस हलवणारा माणूस बैलांच्या मागं मोटेच्या जाड दोरावर, नाड्यावर बसला! बैलांना नवं माणूस कळतं. ते असे सुटले, की उताराच्या तळाशी शेठ चिखलात. उठले, धोतर झटकलं. "पाह्य, काय आलं?" वरून आम्ही ओरडलो, "बेंडूक!" पुन्हा मोट. "पाह्य!" बेंडूक. तिसऱ्या मोटेला दोन मासे आले, एक पार केशरी, फक्त शेपटीचं टोक काळं. बायांनी टाळ्या पिटल्या. शेठ खालून नाचत होते. मी हौद धुऊन त्यात पाणी भरत होतो नि पाटाकडे कोणाचं लक्षच नव्हतं. वांग्यांचे वाफे बुडाले, पाणी फाटकापर्यंत आलं, मोटारीची चाकं चिखलात रुतली. गवंडी विटांवर बसून पेढे खात होता.

दुपार होईपर्यंत हौदात बरेच मासे जमले. अर्धे, पाऊण, काही पुरे पालटलेले. त्यांत एक तेवढा पार मळकट, जसा वैशाखात होता तसाच. मी तो बाजूला काढायला लागलो, तर चिखलानं माखलेल्या शेठनी माझा हात धरला.

"राहूदे. हा माहा."

"शेठजी, हा अजून काळाच हाय. चांगला पाहून घ्या ना एखादा."

"झालेलं सोनं पाहून काय करू? हा होताना मले पाहाचं हाय."

हौद नि बाग यंदा राहू दे, मोटारीची खोली पुढच्या वर्षी बांधू म्हणाले. मोटार निंबाखालीच राहिली. शेठ रोज सकाळी दुकानात जायच्या आधी बागेत येत, बरणी मागत, त्या माशाला उजेडाकडे धरत आणि विचारत, "गणपत, आज काही?" मी निरखून पाहत असे नि म्हणत असे, "नाही, शेठजी. काळाच हाय." दसरे गेले, पुन्हा दसरे आले. खोलीचा विषय निघाला की शेठ म्हणत, हा एकदा पालटू दे, मग पाहू. सोनेरी मासे मी जऊळक्याला, अकोल्याला, कुठं कुठं नेऊन विकले. लोक समजतात की त्यांनी माझं घर वाचवलं. नाही हो. शेठचा तो काळा मासा मरेपर्यंत पालटला नाही, म्हणून हौद राहिला, आणि मीही राहिलो.